छेत्रीची शेवटची मॅच: बडोद्याहून कोलकात्याला लेकीला घेऊन जावं का?

सूरसागर (१७ मे २०२४)

काल सकाळी सुनील छेत्रीचा व्हिडिओ आला. ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळणार आणि भारताच्या फुटबॉल संघातून निवृत्त होणार. व्हिडिओ संपतोय तोवर आमच्या ग्रुपवर गोलकीपरचा मेसेज: "तिकिटं बघतो." बाकीच्यांनी काही विचारलंच नाही.

आम्ही चौघं लहानपणापासून पोलो ग्राउंडवर एकत्र खेळलेलो. नावांपेक्षा मैदानावरच्या जागेवरून सांगतो. गोलकीपरचं मंगळबाजारात कापडाचं दुकान आहे. लेफ्ट बॅक बँकेत आहे. विंगरच्या गुडघ्याचं मागच्या दिवाळीत ऑपरेशन झालंय. मी हाफ, म्हणजे मधल्या फळीतला, मकरपुऱ्यात कारखान्यात. चौघंही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे. बडोद्यात फुटबॉल खेळणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. हजाऱ्यांचं, गायकवाडांचं, पठाण बंधूंचं, म्हणजे क्रिकेटचं गाव. मैदानात आधी स्टंप रोवले जायचे, उरलेल्या कोपऱ्यात आम्ही चपलांचे गोलपोस्ट मांडायचो.

प्रश्न जायचं की नाही हा नाही. माझी लेक चौदा वर्षांची आहे, शाळेच्या संघात राइट विंगला खेळते. तिला यायचंय. आई म्हणते दहावीचं वर्ष, शिवाय चार पुरुषांबरोबर पोर कुठे पाठवता. बायको म्हणते, तू नीट माहिती काढ, मग बोलू. म्हणून इथे विचारतोय. जाताना गाडीत पस्तीस तास, तिथे साठ हजारांची गर्दी. कुणी मुलीला घेऊन असल्या मोठ्या मॅचला गेलंय का?

अकोटा (१७ मे)

घेऊन जा. पुढचं पुढे.

स्पष्टवक्ता (१८ मे)

राग मानू नका, पण मला हे पटत नाही. आपला संघ जगात १२१ वा आहे. मार्चमध्ये गुवाहाटीत घरच्या मैदानावर अफगाणिस्तानकडून १-२ हरलो, तीही छेत्रीची दीडशेवी मॅच होती. त्या संघासाठी जाण्यायेण्याचे सत्तर तास? घरी मोठा टीव्ही आहे, रीप्ले दिसतात, क्लोजअप दिसतो. स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. लेकीला खरंच आवड असेल तर त्या पैशात तिला चांगले बूट आणि एक महिना कोचिंग द्या.

मांडवीची_मैना (१८ मे)

दहावी जूनमध्ये सुरू होते, मार्चमध्ये संपते. मधले चार दिवस कुणाच्या मार्कशीटवर छापून येत नाहीत.

ठाणेकर_निळा (१८ मे)

स्पष्टवक्ता, तुमचा १२१ चा आकडा बरोबर आहे. पण एक अनुभव सांगतो, वाचा आणि मग ठरवा.

जून २०१८. अंधेरीच्या मैदानावर इंटरकॉन्टिनेंटल कप. १ जूनला आपण चिनी तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला. शिव्या द्या, टीका करा, पण त्या स्टेडियममध्ये येऊन द्या, असं त्याचं म्हणणं. मी तो व्हिडिओ ठाण्याच्या लोकलमध्ये दाराशी उभा राहून पाहिला. तोपर्यंत मी मुंबईत राहून भारताची एकही मॅच मैदानात पाहिली नव्हती. चेल्सीसाठी मात्र पहाटे तीनपर्यंत जागायचो. शरम वाटली, खरंच.

४ जूनला केनियाशी मॅच, छेत्रीची शंभरावी. तिकिटं संपली होती. ऑफिसातले आम्ही पाच जण गेलो, दोघांना तर ऑफसाइड म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. आणि पाऊस असा की समोरचा गोलपोस्ट दिसेना. मैदानात पाणी साचलेलं, पास दिला की चेंडू अर्ध्या वाटेत थबकायचा. पहिला हाफ ०-०. आमच्या बुटांत पाणी, खिशातल्या नोटांचा लगदा. कुणी उठलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये छेत्रीने पेनल्टी मारली, तीन मिनिटांत आपल्या जेजेचा गोल, आणि अगदी शेवटी छेत्रीने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला चेंडू. ३-०. शेजारी एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, छत्री मिटून हातात धरून भिजत होते. म्हणाले, छत्री उघडली तर मागच्याला दिसणार नाही.

त्या दिवसापासून मी भारताच्या मॅचेस चुकवत नाही. पहाटे तीनची झोप परत मिळाली तो फायदा वेगळा.

लेकीला न्या.

गोदाकाठ (१९ मे)

मी न्यायची की नाही यावर बोलत नाही, कसं न्यायचं ते सांगते. २५ ऑक्टोबर २०१७, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपची सेमीफायनल, स्पेन विरुद्ध माली. मी, माझी मैत्रीण आणि आमच्या दोन मुली, तेव्हा बारा आणि तेरा वर्षांच्या. स्पेन ३-१ जिंकलं, पण आमच्या मुली मालीच्या बाजूने ओरडून घसा बसवून आल्या.

पोचल्याबरोबर आधी स्वच्छतागृह शोधून ठेवा. हाफटाइमला रांगेत उभं राहिलात तर दुसऱ्या हाफची दहा मिनिटं गेली समजा, म्हणून चाळिसाव्या मिनिटाला उठायचं. मुलीच्या खिशात कागदावर तुमचा नंबर असू द्या, कारण गर्दीत फोन लागत नाहीत. एक खूण ठरवा, अमुक खांबाशी भेटायचं. रांगेच्या कडेची सीट घेऊ नका, येणारे-जाणारे पायावर पाय देतात. आणि चौघांपैकी कुणी एकटा तिच्यासोबत न राहता नेहमी दोघं राहा, म्हणजे एकाला पाणी आणायला जाता येईल.

तिला पाळी येण्याचे दिवस असतील तर तिच्या आईने बॅग भरून द्यावी, बाबांनी ती न बघता उचलावी. एवढं केलंत तर चौदा वर्षांच्या मुलीला कसलीही अडचण नाही.

सूरसागर (१९ मे)

गोदाकाठ ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. शेवटचा परिच्छेद ऐकून ती म्हणाली, ह्या बाईंना आपल्याकडे जेवायला बोलव.

स्पष्टवक्ता (१९ मे)

ताईंची पोस्ट उपयोगी आहे. पण मी रीप्लेचा मुद्दा सोडला तरी गर्दीचा सोडत नाही. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. प्रेक्षकांत हाणामारी होऊन १६ जण गेले. घरून मॅच बघायला निघालेली पोरं. माझे काका तेव्हा कोलकात्यात नोकरीला होते, त्या दिवसाबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. लेकरू सोबत असताना हा विचार मनात येणारच.

बेहाला_वहिनी (२० मे)

लग्न होऊन कोलकात्यात आले त्याला बावीस वर्षं झाली. माहेर बडोदा, दांडिया बाजार. त्यामुळे या धाग्यावर माझा दोन्हीकडून हक्क.

स्पष्टवक्ता, १६ ऑगस्ट हा दिवस इथे विसरलेला नाही. फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात, रक्तदान होतं. माझा नवरा दरवर्षी देतो. तुमच्या काकांचं दुःख मी समजू शकते. पण त्या वेळचं ईडन आणि आजचं सॉल्ट लेक स्टेडियम यात फरक आहे. डर्बीला, म्हणजे या दोन क्लबांच्या मॅचला, आता दोन्ही बाजूंना वेगळे गेट, वेगळे स्टँड, मधे पोलीस. आणि ६ जूनची मॅच डर्बी नाही. त्या दिवशी घोटी-बांगाल एकाच बाजूला बसणार.

बाहेरच्यांसाठी सांगते: घोटी म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे, ते मोहन बागानवाले. बांगाल म्हणजे पूर्व बंगालमधून आलेले, ते ईस्ट बंगालवाले. एक क्लब १८८९ चा, दुसरा १९२० चा. मोहन बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा. आमच्या घरात सासरे घोटी आणि सासूबाई बांगाल, त्यामुळे मॅच कुणीही जिंको, माझ्यासाठी मासे साफ करणं ठरलेलं. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला याच सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजारांवर माणूस होता. बायचुंग भुतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल ४-१. सासूबाईंना अजून प्रत्येक गोल कुठल्या बाजूला झाला ते आठवतं. २०१७ च्या वर्ल्डकपसाठी पायऱ्या काढून खुर्च्या बसवल्या, म्हणून आता क्षमता पासष्ट-सत्तर हजारांवर आलीय.

आता वाट. हावड्याला उतरा, स्टेशनातूनच मेट्रो मिळते. मार्चमध्येच सुरू झालीय, हुगळीच्या पोटातून जाते, लेकीला फार आवडेल. पण ती एस्प्लनेडला संपते. तिथून सियालदापर्यंतचा टप्पा आत्ता, मे २०२४ मध्ये, सुरू झालेला नाही, तेवढं अंतर बस किंवा टॅक्सी. सियालदाहून पुन्हा मेट्रो, "सॉल्ट लेक स्टेडियम" नावाचंच स्टेशन आहे. मॅच सातला, तुम्ही पाचला आत असा. पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, कधीकधी नाणीसुद्धा गेटवर काढून घेतात, तेव्हा किमती काही नेऊ नका. ऑनलाइन तिकीट घेतलंत तर खिडकीवर कागदी तिकीट घ्यावं लागतंय का ते आधी बघा.

जूनचं कोलकाता म्हणजे अंगाला ओला टॉवेल गुंडाळल्यासारखं. सुती कपडे आणा. आणि छेत्री हा बंगालचा जावई, सुब्रत भट्टाचार्यांचा. मोठ्या क्लबात तो पहिल्यांदा खेळला तोही इथेच, २००२ साली मोहन बागानकडून. सासरी निरोप कसा देतात ते बघायला या.

ढोलकी (२० मे)

वहिनी, "ओला टॉवेल" वाचून इथे नाशकात घाम फुटला.

अकोटा (२० मे)

मुख्य प्रश्न राहिलाच. गाडीत खायला काय?

मांडवीची_मैना (२० मे)

थेपले, दशम्या, लसणाची चटणी, लीलो चिवडो. भाखरवडी दोन किलो, कारण एक किलो सुरत यायच्या आत संपते.

गोदाकाठ (२१ मे)

दशम्या दुधातल्या करा, दोन दिवस टिकतात. उन्हाळ्यात खोबऱ्याचं काही नेऊ नका.

आजोबा_रावपुरा (२२ मे)

माझं वय ७६. नातवाने हा धागा उघडून दिला.

आम्ही चार मित्र रोव्हर्स कप बघायला मुंबईला जायचो. रात्री गुजरात मेल धरायची, सकाळी बॉम्बे सेंट्रल, एका मित्राच्या आत्याकडे गिरगावात अंघोळ आणि पिठलं-भात, मग चालत कूपरेजचं मैदान. कलकत्त्याचे संघ आले की ओव्हलपर्यंत माणसं. मॅच संपली की त्याच रात्री मेल, दुसऱ्या दिवशी नोकरीवर. झोप अशी नाहीच. १८९१ ची स्पर्धा होती ती, बंद पडून आता वीसेक वर्षं होऊन गेली, फार वाईट वाटतं.

चुनी गोस्वामीला फुटबॉल खेळताना मला पाहता आलं नाही. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये त्याच्या कप्तानीखाली आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवून सोनं जिंकलो, तेव्हा मी शाळेत होतो. पण १९७२ ला रणजीच्या फायनलला ब्रेबॉर्नवर बंगालचा कप्तान म्हणून तोच उतरला. मी मुंबई-बंगाल सामना बघायला गेलो तो त्याच्यासाठी. तो कव्हरला उभा राहायचा तरी पाय फुटबॉलवाल्याचे, सतत पंजांवर. शेजारचे लोक धावा मोजत होते, मी त्याचे पाय बघत होतो.

त्या चार मित्रांतला आता मी एकटाच. कुठल्या मॅचचा स्कोअर काय होता ते आठवत नाही. आत्याबाईंचं पिठलं आणि मरीन लाइन्सला चालताना झालेलं भांडण आठवतं. तुम्ही चौघं धडधाकट आहात, गुडघ्याचं तेवढं सोडा. जा. पोरीला न्या.

सूरसागर (२२ मे)

आजोबा, रावपुऱ्यात कुठे राहता? आल्यावर लेकीला घेऊन येतो.

स्पष्टवक्ता (२२ मे)

आजोबांना नमस्कार. माझा विरोध तूर्त खिशात ठेवतो.

सूरसागर (२९ मे)

ठरलं. तिकिटं पाच. मॅचची मिळाली, रेल्वेची वेटिंगवर आहेत, सुट्टीचे दिवस आहेत ना. अहमदाबाद–हावडा एक्स्प्रेस, सोमवारी मध्यरात्र उलटल्यावर बडोदा. आईनेही शेवटी होकार दिला. अट एकच, कालीमातेचं दर्शन घेऊन यायचं.

लेकीने वही केलीय. पहिल्या पानावर "१२ जून २००५, क्वेट्टा, पाकिस्तानविरुद्ध, पहिली मॅच, पहिला गोल" आणि खाली १५० मॅच, ९४ गोल. देशासाठी केलेल्या गोलांत त्याच्या वर फक्त रोनाल्डो, इराणचा अली दाई आणि मेस्सी. शेवटचं पान रिकामं ठेवलंय.

तर्री_नागपूर (३० मे)

डबा कोणता? गाडी नागपूरला थांबते.

सूरसागर (२ जून)

वेटिंग निघाली. बी ४. पण दादा, उन्हात कशाला त्रास घेता?

तर्री_नागपूर (२ जून)

डबा सांगितला ना, झालं मग.

सूरसागर (१० जून)

काल बडोद्याला उतरलो. आंघोळ, झोप, आणि आता लिहायला बसलोय. लांबेल.

४ तारखेचा अख्खा दिवस गाडीत. लोकसभेच्या निकालाचा दिवस. संपूर्ण डब्यात मोबाइलवर बातम्यांचा कलकलाट, भुसावळच्या पुढे रेंज गेली की लोक अस्वस्थ. आमच्या कप्प्यात मात्र छेत्रीनंतर आघाडीला कोण खेळणार यावर वाद. वरच्या बर्थवरचे एक काका शेवटी खाली उतरून म्हणाले, इतका वेळ मी समजत होतो की तुम्ही कुठल्या तरी आघाडीबद्दल बोलताय.

नागपूरला गाडी शिरली आणि खिडकीतून लेक ओरडली. प्लॅटफॉर्मवर निळी जर्सी घातलेले एक गृहस्थ, हातात पुठ्ठा: "बी ४, बडोदा फुटबॉल संघ." तर्रीदादा! संत्रा बर्फीचा डबा, कच्चा चिवडा, आणि पाच गार पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. तोंडओळखही नव्हती हो आपली. गाडी सुटेपर्यंत ते लेकीशीच बोलत होते. ते स्वतः गोलकीपर होते हे तेव्हा कळलं, आणि आमच्या गोलकीपरने दारात उभं राहून त्यांचा हात गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

हावड्याला पोचलो तर ज्या हॉटेलात खोल्या घेतल्या होत्या त्याने काउंटरवर सांगितलं, बुकिंग दिसत नाही. पैसे भरल्याची पावती दाखवली तरी नाही. लेक सोबत, उकाडा, विंगर गुडघा धरून पायरीवर बसलेला. मी बेहाला वहिनींना फोन केला. त्यांनी पाऊण तासात त्यांच्या ओळखीच्या धर्मशाळेत दोन खोल्या मिळवून दिल्या आणि लेकीला म्हणाल्या, तू माझ्याकडे झोपायचं. ती दोन रात्री त्यांच्या सासूबाईंच्या खोलीत झोपली. ५ तारखेला रात्री तिथे सगळे टी-ट्वेंटी वर्ल्डकप बघत होते, आयर्लंडशी मॅच. आपल्या बडोद्याच्या हार्दिकने तीन घेतले. लेकीने सासूबाईंना सांगितलं, हा आमच्या गावचा. सासूबाई म्हणाल्या, ते ठीक आहे, पण ये तुला ९७ च्या चार गोलांचं सांगते.

६ तारीख. सियालदाच्या मेट्रोतच पाय ठेवायला जागा नव्हती. ११ नंबरचे शर्ट जिकडेतिकडे. हिरवा-मरून आणि लाल-पिवळा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. गेटवर लेफ्ट बॅकची पॉवर बँक गेली, वहिनींनी सांगूनही आणली होती. सव्वापाचला आत बसलो. बाहेर झालमुरी, आत घाम. जवळजवळ ५९ हजार लोक होते.

मॅचबद्दल खरं सांगतो, फार चांगली झाली नाही. सुरुवातीलाच कुवेतचा एक जण सुटला होता, आपला गोलकीपर गुरप्रीतने पुढे येऊन अडवला. कॉर्नरवर अन्वर अलीचं हेडर बाहेर. हाफटाइमनंतर लगेच रहीम अली एकटा गोलकीपरच्या समोर आला. सगळे उभे. चेंडू गोलकीपरच्या अंगावर गेला आणि सगळे तसेच उभे राहिले, कुणाला खाली बसायचं सुचेना. ०-०. जिंकलो असतो तर वर्ल्डकप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचं दार जवळपास उघडलं असतं.

पण स्पष्टवक्ता, तुमच्या टीव्हीच्या मुद्द्याचं उत्तर लेकीकडे मिळालं. विसाव्या मिनिटाला ती म्हणाली, बाबा, चेंडू बघू नका, फक्त त्याला बघा. मी बघितलं. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना छेत्री दोन पावलं मागे, एक डावीकडे, मग मान वळवून खांद्यावरून मागे बघतो, पुन्हा बघतो, आणि डिफेंडरची नजर हलली की तिथून निघून जातो. पास आला नाही तर तेच पुन्हा. एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या उकाड्यात, नव्वद मिनिटं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे असतो, त्यात हे कधी दिसलंच नव्हतं. माझी एकवीस वर्षांची हाफगिरी गेली तरी मी मान वळवायला शिकलो नव्हतो. आमचा गोलकीपर शेजारी बसून फक्त गुरप्रीतला बघत होता. चेंडू आपल्या बाजूला नसताना तो काय करतो, किती पुढे येतो, कुणाला हात दाखवतो. मॅच संपल्यावर त्याने मला विचारलं, रहीम अलीचं काय झालं होतं?

शिट्टी झाली. कुणीही जागचं हललं नाही. छेत्री मैदानाला फेरी मारायला निघाला, प्रत्येक स्टँडसमोर हात जोडून. मग सगळ्यांनी दोन रांगा केल्या, त्यातून तो चालत गेला आणि रडायला लागला. आमच्या मागे एक कुटुंब होतं, त्यातल्या आजी पदराने डोळे पुसत मोठ्याने काहीतरी बोलल्या. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, "पुन्हा ये" असं म्हणताहेत. बंगालीत जाताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच.

लेक रडली नाही. टाळ्या वाजवून तिचे तळवे लाल झाले होते, ते तिने गार बाटलीवर दाबून धरले.

७ तारखेला कालीघाट, आईची अट पूर्ण. मग मैदानात मोहन बागानचा तंबू आणि ईडनजवळ गोष्ठ पाल यांचा पुतळा. अनवाणी खेळणारा डिफेंडर. १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायरच्या गोऱ्या सोल्जरांना २-१ हरवून आयएफए शिल्ड घेतली, तीही जवळजवळ सगळे अनवाणी, हे तिला वहीतून ठाऊक होतं. पुतळ्यासमोर उभी राहून ती बूट काढायला निघाली. दुपारी दोनची वेळ, फरशी तापलेली. विंगरने तिला उचललं तेव्हा त्याला गुडघ्याची आठवण आली.

गोदाकाठ (१० जून)

दोनदा वाचलं. वहिनी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार.

बेहाला_वहिनी (१० जून)

सासूबाई विचारतात, ती मुलगी पुन्हा कधी येणार? ९७ च्या मॅचचा दुसरा हाफ सांगायचा राहिलाय.

तर्री_नागपूर (१० जून)

बर्फी पुरली का?

ठाणेकर_निळा (१२ जून)

काल दोहात कतारने २-१ हरवलं. आपल्या छांगतेने आघाडी दिली होती. त्यांच्या बरोबरीच्या गोलआधी चेंडू सरळ रेषेबाहेर गेला होता, आपले खेळाडू थांबलेही, आणि रेफरीने गोल दिला. पात्रतेतून बाहेर. रात्रभर झोप नाही.

स्पष्टवक्ता (१२ जून)

मी पाहिली. टीव्हीवर. रीप्लेमध्ये चेंडू बाहेर गेलेला दहा वेळा दिसला आणि दहाही वेळा काही करता येईना. सूरसागर, लेकीला सांगा, छांगतेला मी चेंडू नसताना बघत होतो.

आजोबा_रावपुरा (१६ जून)

पाहुणे येऊन गेले. पोरीने वहीचं शेवटचं पान दाखवलं. तिथे तिने स्कोअर लिहिलेला नाही. तिकीट चिकटवलंय आणि खाली त्या चौघांच्या जागा: गोली, लेफ्ट बॅक, विंग, हाफ. मी तिला माझ्या चार मित्रांच्या जागा सांगितल्या. त्याही तिने लिहून घेतल्या.

ढोलकी (२० मार्च २०२५)

धागा वर काढतोय. छेत्री निवृत्ती मागे घेऊन परत आला आणि काल शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध हेडरने गोलही केला. ३-०, त्याचा ९५ वा. सूरसागर, आता "शेवटची मॅच" पाहिल्याचं काय? फसवल्यासारखं वाटतं का?

सूरसागर (२० मार्च)

६ मार्चला बातमी आली तेव्हा तीच शंका मलाही आली होती. लेकीची दहावीची परीक्षा चालू होती म्हणून तिला चार दिवस सांगितलं नाही. तिला आधीच माहीत होतं.

काल आम्ही चौघं गोलकीपरच्या दुकानात शटर अर्धं ओढून मॅच बघत होतो, ती मधे बसून. लिस्टनचा क्रॉस येण्याआधी तीन सेकंद ती म्हणाली, गेला बघा तो मागून. टीव्हीवर तो दिसतही नव्हता. आणि गोल.

फसवल्यासारखं अजिबात नाही. त्या आजींनी "पुन्हा ये" म्हटलं होतं, तो आला. वहीला तिने नवीन पानं शिवलीत.

स्पष्टवक्ता (२० मार्च)

२५ तारखेला बांगलादेशशी आहे, तीही शिलाँगलाच. ही आता जमणार नाही, पण पुढच्या वेळेसाठी विचारतो. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. शिलाँगला रेल्वेने जाता येतं का?

बेहाला_वहिनी (२१ मार्च)

नाही. गुवाहाटीला उतरायचं, पुढे साधारण शंभर किलोमीटर घाट, शेअर टॅक्सी मिळतात. वाटेत हावड्याला थांबणार असाल तर आधी कळवा.

तर्री_नागपूर (२१ मार्च)

डबा कोणता?